नोव्हेंबरचं एकतिसावं घर

दूध सोसायटीच्या दारावर यादी लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी आले. आमचं गाव लोहाऱ्याकडचं. उस्मानाबादहून एसटीनं यायचं आणि फाट्यावर उतरून चालायचं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं मी आले की माय मला बसायला पाट द्यायची आणि मला त्याची लाज वाटायची.

त्या दिवशी तिनं पाट दिला नाही. ती गोठ्यात म्हशीजवळ उभी होती. म्हणाली, "बरं झालं आलीस. बघून घे तिला. बाजारच्या दिवशी न्यायचीय."

सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. वडील नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावर जायचे. रानात काडी उरली नव्हती. म्हशीच्या पुढ्यात वाळलेला पाला होता आणि ती तो नुसता हुंगत होती. सोसायटीनं बाहेरून कडबा आणायचं ठरवलं होतं, पण तो सगळ्यांना पुरणारा नव्हता. म्हणून नियम केला होता, की जुलैपासून आतापर्यंत ज्यानं कधीही सलग नव्वद दिवस दूध घातलं असेल त्याच्याच जनावराला कडबा मिळेल. मधे एक जरी खाडा पडला तरी मोजणी पुन्हा एकापासून सुरू. यादीत मायचं नाव नव्वदच्या खाली होतं. कडबा नाही म्हणजे म्हैस राहत नाही, हे तिनं मला समजावून सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"तुझे किती दिवस भरले?" मी विचारलं.

"एकसष्ट, म्हणं. गुरुजीनं मोजलं. आता गुरुजीनं मोजलं म्हणल्यावर काय?"

हे गुरुजी म्हणजे सोसायटीचे सचिव. आधी ते शाळेत होते आणि मला त्यांनीच पाढे शिकवले होते. निवृत्त झाल्यावर रोज पहाटे दूध मोजून घ्यायचं आणि वहीत मांडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांच्या मोजण्यावर गावात कुणी शंका घेत नसे. मीही घेतली नाही. मी फक्त यादी बघायला गेले.

यादी सुवाच्य अक्षरात होती. वर नियमात बसणारी अकरा नावं. प्रत्येकापुढं सलग दिवसांचा सगळ्यात मोठा आकडा. कुणाचे ब्याण्णव, कुणाचे नव्वद. खाली न बसणारे. मायच्या नावापुढं एकसष्ट होतं. तिच्या खाली समोरच्या घरातल्या मावशीचं नाव, तिथंही एकसष्ट. त्याखालीही तेच. मी बोट लावून मोजलं. सात जणींपुढं एकसष्ट होतं.

मी दारात उभी राहिले. मला गणित फार येतं असं नाही. पण आमच्या वर्गात नुकतंच शिकवलं होतं, की वेगवेगळ्या माणसांची मोजमापं सहसा विखुरलेली असतात. सात म्हशी सात वेगवेगळ्या दिवशी व्यालेल्या, सात घरांची दुखणी-खुपणी वेगळी, लग्नं वेगळी. मग सातही जणींचा हिशेब एकसष्टलाच कसा थांबतो? वरच्या अकराजणांतही नव्वद आणि ब्याण्णव सोडून तिसरा आकडा नव्हता. शहाण्णव नाही, शंभर नाही, एकशे चार नाही.

घरी येऊन मायला विचारलं, "मागच्या पावसाळ्यानंतर कधी दुधाचा टेम्पो आलाच नाही असं झालं का? कुणाचंच दूध गेलं नाही असा दिवस?"

"टेम्पो तर रोज येतोय. मुडदा नुसता भोंगा वाजवीत येतोय."

म्हणजे तेही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींकडं गेले. रस्त्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं. त्यांना काय म्हणायचं हेच ठरत नव्हतं. तुमचं चुकलंय असं म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि ज्यांनी मला हात धरून आकडे गिरवायला लावले त्यांना तसं म्हणायची छातीही नव्हती. शेवटी म्हणाले, "गुरुजी, मला वही बघायला मिळेल का? अभ्यासाला."

त्यांनी चष्मा वर केला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. "कसला अभ्यास?"

"सलग दिवस मोजायचा."

"तुझ्या मायचं नाव बसलं न्हाय म्हणून?"

मी खाली बघत म्हणाले, "व्हय. पण मी आधी बाकीच्यांचे मोजते. तिचे शेवटी."

ते उठले. मग कपाटातून लांबट वही काढून माझ्यापुढं ठेवली. "इथंच बसून बघ. पान मुडपू नको. आणि शाई लावू नको."

वहीत एका महिन्याला एक पान होतं. डावीकडं नावं, आणि नावापुढं ओळीनं छापील घरं. ज्या दिवशी दूध घातलं त्या घरात लिटर लिहिलेले. जिथं काही नव्हतं तिथं गुरुजींनी लाल शाईनं बारीक फुली मारली होती. आधी सगळ्या वहीतल्या रिकाम्या घरांत फुल्या मारायच्या आणि मग एका फुलीपासून दुसऱ्या फुलीपर्यंत घरं मोजायची, अशी त्यांची रीत. एका डोळ्यानं बघणाऱ्या माणसाला ती सोयीची होती.

मी वेगळ्या रीतीनं गेले. कारण पानं उलटताना माझा हिशेब सारखा चुकत होता. मी एक कोरा कागद घेतला आणि एक जुलैला एक, दोन जुलैला दोन असे सगळ्या दिवसांना ओळीनं क्रमांक दिले. महिना संपला तरी क्रमांक थांबवला नाही. मग एकेका बाईनं दूध घातलं ते दिवस उतरून काढले आणि त्यांच्यापुढं पहिला, दुसरा, तिसरा असे वेगळे क्रमांक दिले. दिवसाच्या क्रमांकातून हा दुसरा वजा केला. दूध रोज जात असेल तर दोन्ही क्रमांक एकेकानं वाढणार, म्हणून वजाबाकी तीच राहणार. खाडा पडला की दिवसाचा क्रमांक पुढं उडी मारणार आणि वजाबाकी बदलणार. म्हणजे एकच वजाबाकी जितक्या ओळींत आली तितके दिवस सलग. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मोठा शोध लागल्यासारखंही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की आता पान उलटलं तरी मी चुकणार नाही.

पहिलं नाव घेतलं ते एकसष्टवाल्या एका म्हातारीचं. वजाबाकी ऑक्टोबरभर तीच आली. नोव्हेंबरभर तीच. डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाही तीच. मी थांबले. गुरुजींच्या मोजणीत तीस नोव्हेंबरनंतर साखळी तुटली होती, आणि माझ्या कागदावर ती तुटत नव्हती.

मी नोव्हेंबरचं पान पुन्हा उघडलं. तीस तारखेच्या घरात साडेतीन लिटर होते. त्याच्या पुढच्या घरात लाल फुली. त्या घरावर छापलं होतं, ३१.

वही छापणाऱ्यानं प्रत्येक पानावर एकतीस घरं छापली होती. नोव्हेंबरचं एकतिसावं घर रिकामं राहणारच. गुरुजींनी त्यातही फुली मारली होती. सप्टेंबरच्या एकतिसाव्या घरात फुली, एप्रिलच्या घरात फुली, फेब्रुवारीत तर तीन. नावं वरपासून खालपर्यंत, सगळ्यांनाच. ऑक्टोबरचे एकतीस आणि नोव्हेंबरचे तीस मिळून एकसष्ट. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून ब्याण्णव. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मिळून नव्वद. ज्यांच्या म्हशी पावसाळ्यात दुधाला होत्या किंवा ज्यांनी सबंध हिवाळा एकही खाडा केला नव्हता, तेवढेच वर बसले होते.

मी ठरवल्याप्रमाणं मायचे शेवटी मोजले. बावीस सप्टेंबरपासून सतरा जानेवारीपर्यंत वजाबाकी सगळीकडं त्र्याऐंशी. अठरा आणि एकोणीस जानेवारीला खरा खाडा होता. समोरच्या मावशीच्या लेकीचं येडशीला लग्न होतं आणि दोघी तिकडं गेल्या होत्या. पण त्याच्या आधीचे सलग दिवस एकशे अठरा होते. मी ते तीनदा मोजले. मधे एका ठिकाणी, पंचवीस नोव्हेंबरला, तीन लिटरच्या जागी एकच लिटर होतं. तिकडं माझं लक्ष गेलं, पण घर भरलेलं होतं म्हणून मी पुढं गेले.

गुरुजींना सांगताना मी चूक हा शब्द वापरला नाही. नोव्हेंबरचं पान त्यांच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "गुरुजी, ही फुली कोणत्या तारखेची?"

त्यांनी पान डोळ्याजवळ नेलं. बोट घरावर ठेवलं. मग वर छापलेल्या आकड्यावर सरकवलं. बराच वेळ बोट तिथंच होतं.

"नोव्हेंबरला एकतीस तारीख," ते हळू म्हणाले. "पोरी, चाळीस वर्सं मी पोरांच्या मुठीवर महिने मोजून दाखवले. उंचवट्यावर एकतीस, खळग्यात तीस. आणि म्हातारपणी खळग्यात एक दिवस आणून बसवला, वर त्याचा खाडाबी मांडला."

मग ते हसले. मला हसू आलं नाही. मला वाटलं आता ते यादी उतरवताना लोकांना काय सांगतील. पण त्यांनी तिथंच नवा कागद घेतला, माझा कागद शेजारी ठेवला आणि म्हणाले, "सांग. एकेक नाव सांग. उद्या सकाळी दूध घालाया सगळे येतील तवा सांगू."

घरी गेले ती पळतच. मायला म्हणाले, "एकशे अठरा! तुझे एकशे अठरा दिवस सलग आहेत. म्हैस न्यायची नाही."

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं आनंदानं थांबला. तिनं विचारलं, "त्यात पुनवेच्या दुसऱ्या दिवसाचं बी मोजलंस?"

"कोणत्या पुनवेच्या?"

"कार्तिकातल्या. विहारात खीर झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. रेडकू मेलं तवा."

रेडकू मेल्याचं मला पत्रानं कळलं होतं, दिवस ठाऊक नव्हता. माय सांगू लागली. त्या दिवशी म्हशीनं पान्हाच सोडला नाही. भांडं कोरडं राहिलं. समोरची मावशी आपलं दूध घेऊन निघाली होती. तिनं मायच्या भांड्यात आपल्यातलं लिटरभर ओतलं आणि दोन्ही भांडी घेऊन गेली. खाडा पडू नये म्हणून. आमच्याकडं बाया असं करायच्या. मीठ-तिखट जसं उसनं न्यायचं, तसं दूधही. दुसऱ्या दिवशी म्हैस पेंडीवर पान्हा सोडू लागली आणि चार दिवसांनी मायनं ते लिटर फेडलं होतं.

पंचवीस नोव्हेंबर. एक लिटर. मला ते घर डोळ्यापुढं दिसलं. तो दिवस काढला तर आधीचे चौसष्ट आणि नंतरचे त्रेपन्न. नव्वद कुठंच नाहीत.

"माय, वहीत घर भरलेलं आहे," मी म्हणाले. "कुणी विचारणार नाही."

"कुणी न्हाय विचारणार," ती म्हणाली. "पर तू त्यांची फुली काढली न्हवं? काढली तर सगळं नीट काढावं. माझ्या म्हशीचं न्हवतं त्या दिवशी."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर तिचा रागही आला. इतकं बारकाईनं मोजून आणलेलं ती एका वाक्यात मोडत होती. पण मी जे करून आले होते त्याच्यापुढं तिला गप्प बस म्हणणं मला जमेना. त्या संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "तिची म्हैस. तिला इचार."

सकाळी सोसायटीपुढं रोजच्यासारखी रांग होती. गुरुजींनी दूध मोजायच्या आधी आपली चूक सांगितली. आडपडदा न ठेवता, शाळेत सांगावी तशी. जुनी यादी काढली, नवी लावली. अकराचे अठरा झाले.

रांगेतला एकजण, ज्याचं नाव आधीच्या अकरात होतं, मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी कडबा तेवढाच आन् तोंडं वाढली. कालेजला कशाला घातली पोरगी? आमच्या म्हशीच्या तोंडचा घास मोजाया?"

कुणीतरी हसलं. मी मायच्या पाठीमागं सरकले. तेव्हाच माय रांगेतून पुढं झाली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "गुरुजी, माझं नाव काढा. मधला एक दिवस माझा न्हाय. रेडकू मेलं त्या दिवशी ह्या मावशीनं माझं दूध घातलं."

मावशी मागून खेकसली, "अगं ए, तुला कुणी इचारलंय का? म्या काय चोरून घातलं व्हय?"

"न्हाय गं. पर माझं न्हवतं."

"लिटरभर दूध तू मला परत केलंस का न्हाय? केलंस. मग कुणाचं झालं ते?"

मघाचा माणूस म्हणाला, "बघा गुरुजी. आता बाईच सांगतीय."

गुरुजींनी माप खाली ठेवलं. मावशीकडं बघितलं, मग मायकडं. म्हणाले, "त्या दिवशी दोन भांडी एकाच हातातनं आली, ते मला दिसलं न्हाय असं वाटतंय का तुमाला? तारखा दिसत न्हाईत मला. माणसं दिसतात." मग त्या माणसाकडं वळले. "नियम कशासाठी केलता? टेम्पो गावात आला की रिकामा जाऊ नये म्हणून. ज्याच्या नावाचं दूध रोज येतंय, त्याच्या जनावराला जगवायचं म्हणून. त्या दिवशी हिच्या नावाचं लिटरभर आलं. म्या मोजलं. खाडा न्हाय."

"मग समद्यांनीच एकमेकांचं घालावं," तो माणूस म्हणाला, पण आता आवाज जरा उतरला होता.

"घालतातच की," रांगेच्या शेवटून एक बाई म्हणाली. "तुमच्या घरातनं बी आलंय आमच्या नावाचं. इचारा घरी."

यावर सगळी रांग हसली. तोही हसला आणि भांडं पुढं केलं.

गुरुजींनी मला जवळ बोलावलं. वही उघडून नोव्हेंबरचं पान काढलं आणि लेखणी माझ्या हातात दिली. "तूच लिही. उजवीकडं शेऱ्याची जागा रिकामी आहे. पंचवीस तारीख, शेजारणीकडून. म्हंजी पुढं कुणी मोजलं तर त्याला कळंल."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

त्या बाजाराला म्हैस गेली नाही. पुढच्या आठवड्यात ट्रकनं कडबा आला. अठरा जणांत वाटला म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पेंढ्या कमी आल्या, आणि पावसाळ्यापर्यंत म्हशीचं पाठीचं हाड वर दिसत राहिलं. पण ती राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा व्याली.

मला पुढं जिल्ह्याच्या एका कचेरीत नोकरी लागली. काही वर्षांनी तिथं पहिला संगणक आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यात आडव्या-उभ्या घरांचा तक्ता होता, आणि एका घरात सूत्र लिहिलं की खालच्या बाकीच्या घरांत ते उतरवता यायचं. शिकवायला आलेल्या मुलानं सांगितलं, कुठलीही माहिती घेऊन सराव करा. मी घरून माझी कॉलेजातली जुनी वही नेली. त्यात त्या सुट्टीत उतरून घेतलेल्या मायच्या तारखा अजून होत्या.

एका उभ्या ओळीत तारखा घातल्या. शेजारच्या ओळीत सूत्र लिहिलं, की या घरातली तारीख आधीच्या घरातल्या तारखेपेक्षा एकानंच पुढं असेल तर मोजणीत एक मिळव, नसेल तर पुन्हा एकापासून धर. ते खालपर्यंत उतरवलं. क्षणभर पडदा थांबला आणि आकडे धावत खाली गेले. सतरा जानेवारीच्या घरासमोर एकशे अठरा आले. त्याच्या खाली, वीस जानेवारीला, एक.

मग मला काय वाटलं कोण जाणे, एका रिकाम्या घरात मी एकतीस नोव्हेंबर ही तारीख घालून बघितली. यंत्र 'बीप' करून ओरडलं आणि तारीख घेतली नाही. मी हसले. शिकवणारा मुलगा म्हणाला, "ताई, नोव्हेंबरला तीसच असतात."

"माहीत आहे," मी म्हणाले.

तो पुढच्या टेबलाकडं गेला. मी वर जाऊन पंचवीस नोव्हेंबरची ओळ शोधली. मोजणी तिथं शांतपणे चौसष्टवरून पासष्टवर गेली होती. तिच्या शेजारचं घर रिकामं होतं. यंत्रात मराठी अक्षरं नव्हती. मी इंग्रजी अक्षरांत 'मावशी' एवढं टाइप केलं, आणि तक्ता जपून ठेवला.